कोडावरचा लेझर आला कुठून?

कोडावर लेझर म्हटलं की डाग जाळणारं किंवा खरवडणारं यंत्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात हा एक्झायमर लेझर कातडी जाळत नाही की खरवडत नाही. उन्हात असलेल्या अतिनील किरणांपैकी एक अगदी अरुंद पट्टी, ३०८ नॅनोमीटरची, तो नेमकी पांढऱ्या डागावर टाकतो. म्हणून त्याची गोष्ट उन्हापासूनच सांगावी लागते.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात रजनी नावाच्या वनस्पतीला विनवणी आहे, की किलास म्हणजे पांढरे डाग आणि पिकलेले केस, दोन्हींना रंग दे. आयुर्वेदात पुढे बावचीचं बी आणि ऊन अशी जोडी जमली. तिकडे नाईलच्या काठी अम्मी मेजस या रानटी झाडाच्या बिया त्याच कामाला लागत. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली, पण दोन्हींत सोरालेन गटातली द्रव्यं आहेत आणि ती कातडीला उन्हाबाबत फार संवेदनशील करतात. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये ही द्रव्यं शुद्ध रूपात वेगळी झाली आणि कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांना दिली. १९७० च्या दशकात उन्हाच्या जागी अतिनील दिवे आले. त्या पद्धतीला पुवा म्हणतात.

आपल्याकडे दिवे मोजक्याच ठिकाणी होते, त्यामुळे सोरालेनची गोळी घ्यायची आणि दोनेक तासांनी काळा चष्मा लावून गच्चीवर उन्हात बसायचं, हाच पुष्कळांचा उपचार झाला. ऊन काही मापून मिळत नाही. पाच-दहा मिनिटं जास्त झाली की डागावर फोड यायचे, शिवाय गोळीने मळमळ व्हायची. ज्यांनी हे महिनोन्महिने सोसलं, त्यांच्या चिकाटीची दखल वैद्यकाच्या इतिहासात फारशी घेतली गेलेली नाही, याचं वाईट वाटतं.

गोळीतून सुटका झाली ती नॅरोबँड यूव्हीबीमुळे, म्हणजे अतिनील किरणांची अरुंद पट्टीच देणाऱ्या दिव्यांमुळे. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वेस्टरहॉफ आणि सहकाऱ्यांनी ३११ नॅनोमीटरचे दिवे कोडावर, सोरालेन कातडीला लावून केलेल्या पुवाइतकेच परिणामकारक आणि कमी त्रासाचे असल्याचं दाखवलं. हा उपचार मुलांनाही देता येतो. अडचण एवढीच, की या दिव्यांच्या पेटीत उभं राहिलं की डागाबरोबर चांगली कातडीही काळवंडते आणि डाग आणखी उठून दिसतो.

ही अडचण लेझरने सोडवली. एक्झायमर लेझरचा पाया १९७० मध्ये मॉस्कोत निकोलाय बासोव्ह यांच्या गटाने घातला. झेनॉन आणि क्लोरीन विजेने उत्तेजित होऊन क्षणभर जोडी जमवतात आणि ती तुटताना ३०८ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर पडतो. हंगेरीतल्या सेगेडच्या डॉक्टरांनी तो १९९७ मध्ये आधी सोरायसिस या त्वचारोगावर वापरला, आणि २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत कोडावरचेही निकाल प्रसिद्ध झाले. पेनासारखा हँडपीस डागावर टेकवायचा, काही सेकंद प्रकाश द्यायचा, पुढच्या डागाकडे वळायचं. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही, आणि असं कित्येक महिने. दुसऱ्या दिवसापर्यंत फिकट गुलाबी झाक राहिली तर मात्रा योग्य समजतात.

डाग भरतो तो सहसा एकदम भरत नाही. आधी पांढऱ्या भागात तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटतात, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंगपेशी मारते, पण केसाच्या मुळाशी अपक्व रंगपेशींचा साठा बरेचदा वाचलेला असतो. प्रकाश त्या हल्लेखोर पेशींना आवरतो आणि साठ्यातल्या पेशींना वर यायला लावतो. मग ठिपके पसरून एकमेकांना मिळतात. चेहरा आणि मान चांगली साथ देतात ती यामुळेच. बोटांची टोकं, तळवे आणि ओठ यांवर केस नसल्याने तिथे यश कमी. डागातले केसच पांढरे झाले असतील तर साठाही संपलेला असण्याची शक्यता मोठी.

म्हणूनच ‘कोणताही डाग लेझरने घालवा’ ही जाहिरात मला संतापजनक वाटते. बोटांच्या टोकांवरच्या डागासाठी महिनोन्महिने पैसे भरणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. उपचार थांबल्यावर डाग परतू शकतात, हेही. वर्षभर न वाढलेल्या हट्टी डागांवर त्वचारोपण किंवा रंगपेशींचं रोपण करतात आणि त्यानंतर रंग पसरवण्यासाठी पुन्हा प्रकाशच देतात. २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी रक्सोलिटिनिब मलमाला मान्यता मिळाली. त्याचाही चेहऱ्यावरचा निकाल चांगला आहे, हातापायांवरचा कमी.