राडारोड्याची खडी आणि वेरूळची भांग

वेरूळच्या लेण्यांतला गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, तेव्हा मातीचुन्यात भांगेचे तंतू सापडले. राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांचा हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. खरं तर आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला यात नवल वाटलं नसतं. पांढऱ्या मातीत भुस्कट टाकून गारा तुडवायचा, म्हणजे भिंत वाळताना चिरत नाही, हे त्याला ठाऊकच होतं.

काँक्रीटमध्ये ही युक्ती उशिरा आली. लोखंडाचा चुरा मिसळण्याचं पेटंट 1874 सालचं आहे. पण जवळजवळ असलेल्या तारा चिरेला कशा अडवतात, याची मांडणी रोमुआल्डी आणि बॅटसन या संशोधकांनी 1963 मध्ये केली.

आता राडारोड्याकडे. जुनं काँक्रीट फोडून खडी करण्याची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त युरोपात रुळली. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानं माळवदाच्या घरांवरचा विश्वास उडवला आणि जो तो स्लॅबकडे वळला. त्या काळातले स्लॅब आता कुठे कुठे तुटू लागलेत. आणि राडारोडा टाकायला ओढ्याकाठ आहेच!

या खडीचं दुखणं पाहायचं तर एक तुकडा बादलीत टाका. काळ्या दगडाला जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. त्यातून बराच वेळ बुडबुडे येत राहतात. तो थर पाणी पितो, आणि नव्या मालाशी त्याची पकडही कच्ची राहते. म्हणूनच आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनं अशा खडीला हात राखून परवानगी दिली: साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या 25 टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत, तेही एम-25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच.

तंतू इथे कामी येतात, पण लोक समजतात तसे नाही. दाबाखालची ताकद त्यांनी फारशी वाढत नाही. फरक दिसतो तो चाचणीच्या यंत्रात काँक्रीटचा घन दाबून फोडताना. बिनतंतूचा घन ढासळून पडतो. पोलादी तंतूंचा घन चिरतो, फुगतो, तरी एकसंध राहतो. वाकण्याची आणि ताण सोसण्याची क्षमता मात्र वाढते.

अडचण साइटवर येते. तंतू पडले की माल घट्ट होतो, खडी आधी भिजवलेली नसेल तर आणखीच. मग मिस्त्री मिक्सरमध्ये वरून बादलीभर पाणी ओततो, आणि तंतूंनी जे कमावलं ते तिथेच वाहून जातं.