इथेनॉलनिर्मिती आणि भूजल

पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ऊस, मका, तांदूळ इत्यादींपासून इथेनॉल तयार करताना भूगर्भातील पाण्याच्या साठ्यावर आणि त्याच्या प्रतीवर परिणाम होतो. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः उसाशी निगडित आहे.

आसवनीला (इथेनॉल गाळणाऱ्या कारखान्याला) लागणारे पाणी त्या मानाने थोडे. खरा खर्च शेतात होतो. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हा आकडा मात्र जपून वापरावा लागतो. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले, तर बहुतेक पाणी साखरेच्या खाती पडते. उसाच्या रसापासून थेट केले, तर ते सगळे इथेनॉलच्या खाती मांडावे लागते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने रस आणि बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक ठेवलेली असते) या दोहोंची वाट मोकळी केली, तर वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पुढे २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे आणले गेले. जादा साखरेला अशी वाट मिळाल्याने उसाचे अर्थकारण सावरते आणि शेतकऱ्याला ऊस सोडण्याचे कारण उरत नाही. भूजलावरील परिणाम बव्हंशी या आडवाटेने होतो.

राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कठीण खडकाचा असून त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगा-सांध्यांतच पाणी मावते. आडसाली ऊस मात्र सोळा ते अठरा महिने उभा असतो. मधल्या उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबले की विहीर व बोअर यांवरच भिस्त राहते, आणि खालच्या कठीण खडकातून उपसलेले पाणी फार सावकाश भरून येते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मराठवाड्यातील उसावर बरीच टीका झाली. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाचा वाटा त्यात मोठा होता, हेही खरे.

मळीवर चालणाऱ्या आसवनीत एका लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. हे गडद तपकिरी, सेंद्रिय भाराचे सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांतून झिरपल्यास आसपासच्या विहिरी नासतात. म्हणूनच ते आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची किंवा प्रेसमडबरोबर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर) खत करण्याची पद्धत आली.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार शेती वा उद्योगासाठी ६० मीटर (सुमारे दोनशे फूट) व त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. गावोगाव बोअरची खोली फुटांत सांगितली जाते, आणि तो आकडा अनेकदा दोनशेच्या बराच पुढे असतो.