संगणकविज्ञान शिक्षण-संशोधन, शालेय

प्राथमिक व माध्यमिक शाळांतील मुले संगणकविज्ञानातील संकल्पना आणि आज्ञावलीलेखन (प्रोग्रॅमिंग) कसे शिकतात, कोठे अडतात आणि ते कसे शिकवावे, यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी शिक्षणशास्त्राची शाखा. संगणकाच्या साहाय्याने गणित वा भाषा शिकवणे आणि संगणक हाताळण्याचे प्रशिक्षण देणे यांचा तीत सामान्यतः समावेश करीत नाहीत. शाळेच्या वेळापत्रकात मात्र ही तिन्ही कामे बहुधा एकाच तासिकेत उरकली जातात, त्यामुळे जुन्या अहवालांतून ती वेगळी काढणे कठीण जाते.

उगम : या अभ्यासाचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही जण १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनी सिद्ध केलेल्या ‘बेसिक’ या आज्ञावलीलेखनाच्या भाषेपासून तो मोजतात. त्या दशकाच्या अखेरीस डार्टमथच्या संगणकाला दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या परिसरातील माध्यमिक शाळांत मुले बेसिकमध्ये आज्ञावल्या लिहीत होती. तेथील मुख्य हेतू संगणक सर्वांना खुला करण्याचा होता. मुलांच्या आकलनाचा शोध घेण्याचा नव्हे. म्हणून १९६७ मधील लोगो भाषेपासून प्रारंभ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मॅसॅच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉलेस फॉयर्झिग, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व डॅनियल बॉब्रो यांनी ती तयार केली. पॅपर्ट यांनी त्यापूर्वी जिनीव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्यासमवेत काही वर्षे काम केले होते, आणि मूल ज्ञान स्वतः रचते हा प्याजे यांचा विचार लोगोच्या मुळाशी आहे. लोगोची आरंभीची आवृत्ती शब्द आणि याद्या यांवर काम करणारी होती. पडद्यावर किंवा जमिनीवर रेषा काढणारे प्रसिद्ध ‘कासव’ सुमारे १९६९-७० च्या सुमारास तीत आले. लोगो म्हणजे भूमिती शिकवण्याचे साधन, ही पुढे रूढ झालेली समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

अलीकडचे काही लेखक अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जीनेट विंग यांच्या २००६ मधील ‘संगणकीय विचार’ या विषयावरील छोट्या निबंधापासूनच इतिहास सुरू करतात. निबंधाचा प्रभाव मोठा आहे, हे खरे. परंतु हा शब्दप्रयोग पॅपर्ट यांनी १९८० मध्येच केला होता आणि त्यांचा रोखही वेगळा होता. विंग यांना संगणकशास्त्रज्ञाची विचारपद्धती सर्वांच्या अंगी बाणवायची होती, तर पॅपर्ट यांना संगणक हाताशी आल्यावर मुलाचे विचार करणे कसे बदलते हे पाहायचे होते. संगणकीय विचारात नेमके काय मोडते, याच्या व्याख्या पुढे इतक्या झाल्या, की त्यांची तुलना हाच संशोधनाचा एक विषय होऊन बसला.

अध्ययन संक्रमणाचा वाद : आज्ञावली लिहायला शिकलेले मूल इतर ठिकाणीही अधिक पद्धतशीर विचार करते काय, हा या शाखेतील सर्वांत जुना आणि सर्वांत तापलेला प्रश्न. लोगोच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर होकारार्थी होते. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेज ऑफ एज्युकेशनमधील रॉय पी व मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास ते तपासले. लोगो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांना त्यांनी वर्गातील कामांचे नियोजन करायला दिले. कमीत कमी फेऱ्यांत फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे अशी कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे मुलांनी ठरवायचे होते. वर्षभर लोगो शिकलेली मुले या कामात सरस ठरली नाहीत. त्याच वर्षी डग्लस क्लेमेंट्स व डॉमिनिक गुलो यांनी सहा वर्षांच्या मुलांवरील लहानशा प्रयोगात काही बोधनात्मक लाभ नोंदवले. दोन्ही अभ्यासांतील वय, कालावधी व चाचण्या भिन्न असल्याने ते एकमेकांना खोडतात असे म्हणणे घाईचे होईल. तत्कालीन चर्चेत मात्र तसेच म्हटले गेले. पॅपर्ट यांनी १९८७ मध्ये प्रत्युत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की ‘लोगोचा परिणाम’ मोजू पाहणे हीच पद्धत सदोष आहे. भाषा आपण होऊन काहीच घडवत नाही, तिच्याभोवती वर्गात उभी राहणारी संस्कृती घडवते. आक्षेप मार्मिक आहे, पण तो पूर्णपणे मान्य केला तर कोणतेच मापन शक्य राहत नाही.

या वादातून वाट काढणारा अभ्यास डेव्हिड क्लार व शॅरन कार्व्हर यांचा (१९८८). त्यांनी लोगोच्या वर्गात दोष शोधण्याची पद्धत पायरीपायरीने, उघडपणे शिकवली : अपेक्षित आणि प्रत्यक्ष निष्पत्ती यांतील फरक सांगा, तो कशामुळे पडला असेल याचा तर्क करा, दोषाची जागा ठरवा, मग दुरुस्त करा. ही मुले पुढे संगणकाबाहेरच्या लेखी सूचनांतील चुकाही अधिक नेमकेपणाने शोधू लागली. याचा अर्थ, संक्रमण (एके ठिकाणी शिकलेले दुसरीकडे लागू पडणे) घडते, पण ते हेतुपुरस्सर शिकवावे लागते. नंतरचा पुरावा साधारणपणे याच बाजूला झुकतो. रोनी शेरर व सहकारी यांनी २०१९ मध्ये १०५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात एकूण परिणाम मध्यम आढळला. आज्ञावलीलेखनाच्या जवळच्या कौशल्यांवर तो अधिक, दूरच्या कौशल्यांवर कमी होता. इंग्लंडमध्ये ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याच्या स्क्रॅच भाषेतून गणित शिकवण्याची मोठी यादृच्छिक चाचणी (गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडून केलेली तुलना) झाली. तिचा २०१८ मधील अहवाल संगणकीय विचारात काही वाढ दाखवतो. प्राथमिक शाळेअखेरच्या गणिताच्या गुणांवर मात्र परिणाम दिसला नाही.

कल्पित यंत्र व गैरसमज : दुसरा धागा एडिंबरो विद्यापीठातील लोगो प्रकल्पाचा. बेनेडिक्ट डू बुले, टिम ओशे व जॉन मंक यांनी १९८१ मध्ये ‘कल्पित यंत्र’ ही संकल्पना मांडली. विद्यार्थ्याने ज्याला आज्ञा द्यायच्या ते यंत्र म्हणजे टेबलावरचे उपकरण नव्हे, तर त्या भाषेच्या नियमांनी चालणारे एक सोपे, मनात धरता येण्यासारखे प्रतिरूप होय. ते शिक्षकाने दाखवले नाही तर मूल स्वतःच एखादे रचते, आणि ते बहुधा चुकीचे असते. नेहमीचे उदाहरण चलपदाचे, म्हणजे किंमत साठवून ठेवणाऱ्या नावाचे. चलपद म्हणजे डबा असे सांगितले की काही मुले त्यात एकाच वेळी दोन किमती मावतात असे धरून चालतात. नवी किंमत घातली की जुनी नाहीशी होते, हे त्यांना डब्याच्या अनुभवावरून उमगत नाही. ‘अ = ब’ हे गणितातील समीकरण आहे असे समजून दोन्ही बाजू कायमच्या समान राहतील असे मानणे, किंवा अट असलेली आज्ञा यंत्र सतत लक्ष ठेवून केव्हाही पाळील असे गृहीत धरणे, हेही वारंवार आढळते. या सर्वांमागील समजूत रॉय पी यांनी १९८६ मध्ये नेमकी पकडली : आपल्याला काय म्हणायचे आहे हे यंत्राला कळते, असे मुलाला आतून वाटत असते.

अध्यापनपद्धती : आधी लिहायला न लावता वाचायला, निष्पत्तीचा अंदाज बांधायला आणि तयार आज्ञावलीत बदल करायला लावावे, याकडे अलीकडच्या संशोधनाचा कल आहे. सू सेंटन्स व सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या शाळांत तपासलेली प्रिम ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. ओळी उलटसुलट देऊन त्यांचा क्रम लावायला सांगणारी पार्सन्स कोडी २००६ पासून प्रचारात आहेत. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने (एमआयटी) खुल्या केलेल्या स्क्रॅचमुळे ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याची रीत जगभर पसरली. तिच्या मर्यादा इस्राएलमधील मोर्देखाई बेन-आरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवल्या : मुले हाताला येतील ते ठोकळे जोडत सुटतात आणि आराखडा आधी करण्याची सवय लागत नाही. डेव्हिड वाइनट्रॉप व यूरी विलेन्स्की यांच्या माध्यमिक शाळेतील तुलनेत ठोकळ्यांनी सुरुवात करणारे विद्यार्थी आरंभी पुढे होते. अक्षरांत लिहायच्या जावा भाषेकडे वळल्यावर ती आघाडी टिकली नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल यांचे नाव जोडले गेलेले ‘संगणकाविना संगणकविज्ञान’ १९९० च्या दशकातील असून पत्ते, दोऱ्या व खेळ यांतून द्विमान संख्या, क्रमवारी इत्यादी शिकवते.

अभ्यासक्रम : ज्युडिथ गल-एझर, डेव्हिड हरेल इत्यादींनी १९९० च्या दशकात घडवलेल्या इस्राएलच्या माध्यमिक अभ्यासक्रमात सिद्धांत आणि संगणकावरील काम आलटून पालटून विणलेले आहे. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीच्या जानेवारी २०१२ च्या अहवालाने तेव्हाच्या संगणक-वापराच्या विषयावर टीका केली आणि सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षे वयापासूनच ‘कंप्युटिंग’ हा नवा विषय आला. विषय बदलला तरी माध्यमिक परीक्षेला तो घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशच राहिले, ही त्या सुधारणेची ठळक उणी बाजू मानली जाते.

भारत : केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ मध्ये सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, भर संगणक-साक्षरतेवर होता. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही इयत्तावार पाठ्यपुस्तके तयार केली व २०१० मध्ये शालेय अभ्यासक्रमाचा आराखडा मांडला. सॉफ्टवेअरच्या खिडक्या पाठ करून घेण्याऐवजी विचारकौशल्ये टप्प्याटप्प्याने वाढवणे हे त्यांचे सूत्र. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून संगणकाविना करायच्या पाठांचा प्रसार करतो. लिथुएनियात २००४ मध्ये सुरू झालेली संगणकीय विचाराची बेब्रास स्पर्धा त्याच्यामार्फत भारतात, मराठीतूनही, घेतली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्व-माध्यमिक टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा उल्लेख केला आहे.

मातृभाषेच्या प्रश्नावर सायमिंदू दासगुप्ता व बेंजामिन हिल यांचा २०१७ मधील स्क्रॅचविषयक अभ्यास उद्धृत केला जातो. पाच देशांतील नोंदींवरून स्थानिक भाषेतील ठोकळे वापरणारी मुले इंग्रजी ठोकळे वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे देश रोमन लिपी वापरणारे असल्याने देवनागरी वाचणाऱ्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.