वाइन, भारतातील : द्राक्षपट्टे, वाण व प्रकार

द्राक्षांचा रस आंबवून केलेल्या पेयांपैकी भारतात पिकलेल्या द्राक्षांपासून तयार होणाऱ्या वाइनपुरताच या नोंदीत विचार केला आहे. देशातील द्राक्षलागवड मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची आणि बेदाण्याची आहे. वाइनच्या वाणांचा तीत वाटा फारच लहान. हे वाण प्रामुख्याने महाराष्ट्रात (नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर जिल्हे) आणि कर्नाटकात आढळतात. मुंबईच्या दमट हवेत आणि पावसात वाइनची द्राक्षे पिकत नाहीत. तरीही या उद्योगातील बरेचसे भांडवल, सर्वांत मोठी बाजारपेठ आणि त्याला वळण देणारे कायदे मुंबईतूनच आले, म्हणून या शहराचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

प्राचीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात (२.२५) ‘मृद्वीकारसो मधु’, म्हणजे द्राक्षाचा रस तो मधु, अशी व्याख्या दिली आहे. उगमदेशावरून त्याचे कापिशायन व हारहूरक असे दोन भेदही तेथे सांगितले आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर, हे बहुतेकांना मान्य आहे. पाणिनीच्या सूत्रातही (४.२.९९) कापिशी येते, म्हणजे निदान ते स्थलनाम अर्थशास्त्राच्या सध्याच्या संहितेहून जुने असावे. हारहूर कोठले, याविषयी मात्र एकमत नाही. काही अभ्यासक हे नाव हूणांशी जोडतात, तर काही प्राचीन इराणी ‘हरह्वैती’शी, म्हणजे कंदाहारकडील अरकोशियाशी. ध्वनिसाम्य आणि द्राक्षांचा प्रदेश या दोन्ही दृष्टींनी दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. अर्थशास्त्राचा काळ परंपरेने इ. स. पू. चौथे शतक मानला जातो; अलीकडील अभ्यासकांचा कल त्याची आजची संहिता इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक यांच्या दरम्यान ठेवण्याकडे आहे. कोणताही काळ धरला तरी दोन्ही नावे वायव्येकडचीच आहेत. त्यांवरून दख्खनमध्ये वाइन होत होती असा निष्कर्ष काढता येत नाही, जरी वाइन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तो सर्रास काढलेला असतो. चरक व सुश्रुत संहितांतील ‘मार्द्वीक’ या मद्याबाबतही हीच सावधगिरी हवी.

पश्चिम किनाऱ्यावर वाइन बाहेरून येत असे, याला आधार अधिक भक्कम आहे. सामान्यतः पहिल्या शतकातला मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे. तीत इटलीची पसंतीची, शिवाय लाओडिसियाची व अरबस्तानची, असेही नमूद आहे. सोपारा व कल्याण या बंदरांची नावे याच ग्रंथात येतात. घारापुरी बेटावर आणि नेवासे येथे ॲम्फोरा म्हणजे दोन कानांच्या मातीच्या कुंभांची खापरे सापडली आहेत. मात्र भारतात पूर्वी सरसकट रोमन ठरवलेल्या काही खापरांची फेरतपासणी झाल्यावर ती मेसोपोटेमियातील, आतून डांबराचा लेप दिलेल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची असल्याचे दिसून आले. अशा कुंभांचा काळ पुढे अनेक शतके चालतो. शिवाय ॲम्फोरांतून तेल आणि माशांचा खारवलेला रसही येत असे. एवंच, खापर मिळाले म्हणजे वाइन मिळाली असे नव्हे.

मध्ययुग व कंपनीकाळ : चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचे व डाळिंबांचे वर्णन केले असून त्यांना वर्षातून दोनदा बहार येतो, असे म्हटले आहे. दख्खनमध्ये द्राक्ष मुहंमद तुघलकाने आणले, असे विधान फलोद्यानाच्या पुस्तकांतून पुढे पुढे चालत आले आहे. त्याचा आधार या वर्णनापलीकडे क्वचितच दिला जातो. दोन बहारांचा उल्लेख मात्र महत्त्वाचा आहे, कारण पुढे वर्णिलेल्या दोन छाटण्यांचे मूळ याच नैसर्गिक गोष्टीत आहे.

कंपनीच्या काळात मुंबईच्या गोऱ्या वस्तीत अटलांटिकमधील मदिरा (मडेरा) बेटाची आणि इराणातून येणारी शिराजची वाइन पीत. मदिरेची वाइन उष्ण कटिबंधातील प्रवासात बिघडण्याऐवजी सुधारते, असा अनुभव असल्याने तिचा खप मोठा होता. आज भारतीय बाटल्यांवर दिसणाऱ्या ‘शिराज’ या वाणाचा त्या इराणी वाइनशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि सिराह, म्हणजेच शिराज, हा आग्नेय फ्रान्समधील ड्युरेझा व माँद्यूज ब्लांश या दोन वाणांच्या संकराने झाला, हे १९९० च्या दशकाअखेरीस डीएनए तपासणीतून सिद्ध झाले आहे.

काश्मीरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच वेली लावून वाइन केली जात होती. १८९० च्या सुमारास तेथे फायलॉक्सेरा ही मुळांवरील कीड आली. याच किडीने सुरत व गोवळकोंड्यापर्यंतच्या बागा संपवल्या, असे पाश्चात्त्य वाइनकोशांत म्हटलेले असते. काश्मीरपुरते ते ग्राह्य धरावे.

दोन छाटण्या : भारतीय वाइन कशी होते, हे द्राक्षपट्ट्यांच्या नकाशापेक्षा छाटणीच्या वेळापत्रकावरून अधिक कळते. समशीतोष्ण देशांत थंडीत वेल पाने गाळून झोपी जाते. नाशिक अक्षांश २० वर आहे. तेथे वेलीला अशी विश्रांती मिळत नाही आणि ती बारमाही वाढू पाहते. म्हणून ती वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधील खरड छाटणीत मागच्या हंगामाच्या सर्व काड्या ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एक-दोन डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, राखून कापल्या जातात. उन्हाळ्याच्या कडक उन्हात नव्या फुटींच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि पावसाळ्यात त्या काड्या पक्व होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीत, जिला गोडी छाटणी असेही म्हणतात, या काड्या घड असलेल्या डोळ्यापर्यंत आखूड करतात. नेमक्या कितव्या डोळ्यात घड आहे, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी बागायतदार छाटणीआधी निवडक काड्या प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि मग ‘सहाव्यावर घ्या’ किंवा ‘आठव्यावर घ्या’ असा सल्ला मिळतो. छाटलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतात, म्हणजे लेप देतात; त्याने फूट एकसारखी निघते. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

या चक्राचे परिणाम थेट बाटलीत उतरतात. युरोपात द्राक्ष उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना पिकते. येथे थंडीकडून उन्हाळ्याकडे. काढणी लांबली की रोज ऊन चढत जाते, मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, साखर वाढते आणि वाइन बसकी होते. म्हणून बहुतेक वाइनऱ्या टार्टारिक आम्ल वरून घालतात आणि द्राक्षे रात्री किंवा पहाटे तोडतात. याउलट फळछाटणी लवकर उरकली तर पोंगा अवस्थेतील (नुकती उमलणारी) कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवडा (डाऊनी मिल्ड्यू) बाग धरतो. नंतर भुरी या बुरशीरोगाचे भय आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचे. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात छाटणी व पाणी यांच्या नियंत्रणाने वर्षात दोन पिके काढतात. येथे मोसमी पावसामुळे ते शक्य नाही, एक छाटणी पिकाची आणि एक काडीची.

खुंटाचाही, म्हणजे ज्या मुळाकडील वेलीवर वाणाचे कलम करतात तिचाही, प्रभाव आहे. खारट पाणी आणि अवर्षण यांवर उपाय म्हणून डॉगरिज खुंट महाराष्ट्रात सर्वत्र पसरला. खाण्याच्या द्राक्षांना तो चालतो. पण तो पालाश (पोटॅशियम) अधिक ओढतो आणि त्यामुळे रसाचा सामू (पीएच) वाढतो, जे वाइनसाठी अनिष्ट आहे. वाइनच्या बागांत ११०-आर हा खुंट पसंत केला जातो. मांजरी (पुणे) येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या विषयावर काम झाले आहे.

पट्टे : नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. किंवा थोड्या अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा, हे येथील बलस्थान. निफाडचा पारा तर राज्यात नीचांकी म्हणून बातम्यांत येतो. दिंडोरीकडील हलकी, मुरमाड जमीन वाइनला निफाडच्या काळ्या जमिनीपेक्षा बरी मानतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे आधुनिक उद्योगाचे आरंभस्थान. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसर अधिक कोरडा व उष्ण असून तेथे इटालियन वाणांवर भर दिसतो. कर्नाटकात बंगळूरजवळील नंदी टेकड्यांचा पट्टा सुमारे ९०० मी. उंचीवर असल्याने उन्हाळा सौम्य. हंपीजवळही लागवड आहे. मिझोरममधील चंफाई भागात ‘झोलायडी’ नावाची वाइन होते.

प्रत्येक पट्ट्याची चव वेगळी ओळखू येते, असे विक्रेते सांगतात. बागा अजून तरुण आहेत. सध्या जमिनीपेक्षा छाटणीची तारीख आणि वाइनकाराचे धोरण यांचाच ठसा मोठा, असे मानणे सुरक्षित.

वाण व प्रकार : नाशिकची जुनी द्राक्षे म्हणजे भोकरी, फकडी, हबशी व साहेबी, ती खाण्याची. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हेही खाण्याचेच, पण सुरुवातीच्या फसफसत्या वाइनमध्ये थॉमसनचा वापर झाला. पांढऱ्यांत शेनँ ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां, तांबड्यांत शिराज आणि कॅबर्ने सोव्हिन्यों हे आज मुख्य वाण आहेत. झिन्फांडेल, व्हियोनिए, टेम्प्रानिलो व सांजोव्हेसे कमी प्रमाणात. शेनँ ब्लां उष्णतेतही आम्ल बऱ्यापैकी टिकवते. किंचित गोडसर वाइन, फसफसती वाइन आणि उशिरा काढणीची गोड वाइन हे तिन्ही प्रकार तिच्यातून निघतात. ताज्या पांढऱ्या वाइन ही या हवामानाची स्वाभाविक देणगी वाटते; तांबड्यांत साखर आधी पिकते आणि सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य मागे राहते, ही अडचण सर्वांनाच सतावते. बंगलोर ब्लू हा लॅब्रुस्का या अमेरिकी द्राक्षजातीचा संकर गोव्याच्या गोड ‘पोर्ट’साठी वापरतात, पोर्तुगालच्या पोर्टशी तिचे साम्य नावापुरतेच.

मुंबई, कायदा व बाजार : मुंबई राज्याचा दारूबंदी अधिनियम १९४९ चा, संपूर्ण दारूबंदी एप्रिल १९५० पासून अमलात आली. हाच अधिनियम बदललेल्या नावाने व अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, आणि मद्य पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद कागदावर कायम आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच साहाय्याने नारायणगावात फसफसती वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली. पुढे हा उद्योग कर्जात बुडून बंद पडला. मुंबईचे व्यावसायिक कंवल ग्रोव्हर यांनी नंदी टेकड्यांत, तर मुंबईत वाढलेले राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात नाशिकला बागा लावल्या. सामंतांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ च्या राज्य धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सूट दिली. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पार्कांतील अनेक लहान वाइनऱ्यांना द्राक्ष मिळाले, पण मुंबईत वाइन खपवण्याची व्यवस्था काही मिळाली नाही.

उद्योगाबाहेरची एक परंपरा मुंबईत आधीपासून आहे. वांद्रे, गिरगाव, वसईकडील ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती घरांत नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाइन करतात. चिनी मातीच्या बरणीत कुस्करलेली द्राक्षे, साखर, थोडे यीस्ट आणि मूठभर गहू घालून तोंडाला फडके बांधतात, रोज लाकडी चमच्याने ढवळतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी गाळतात. वाइनकोशांत या पेयाला जागा नसते. शहरातील किती तरी जणांनी चाखलेली पहिली वाइन मात्र हीच.

दुकानांत साठवण हा खरा प्रश्न आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात विनावातानुकूलित दुकानात उभी ठेवलेली बाटली काही आठवड्यांत ताजेपणा गमावते, आणि बूच आक्रसण्याचा धोकाही असतो. येथील उत्पादकांनी फिरकीचे झाकण युरोपियनांपेक्षा सहज स्वीकारले, ते यामुळे. जानेवारी २०२२ मध्ये किमान १०० चौ. मी. क्षेत्राच्या सुपरमार्केटांत वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केल्यावर त्यावर हरकती मागवून अंमलबजावणी थांबवण्यात आली. आयात वाइनवर सर्वसाधारण सीमाशुल्क १५० टक्के राहिले. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या करारात ठरावीक किमतीवरील बाटल्यांसाठी ते टप्प्याटप्प्याने कमी केले आहे.