अंतराळवीर : समकालीन कला व छायाचित्रणातील विषय

पांढरा फुगीर पोशाख, गोल हेल्मेट आणि पाठीवर पेटी असलेली अंतराळवीराची आकृती चित्र, शिल्प, छायाचित्र, मांडणशिल्प आणि रस्त्यावरच्या कलेत १९६०च्या दशकापासून वापरली जाते. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉट’ या शब्दाचा मूळ अर्थ ताऱ्यांचा खलाशी. मराठीने त्याला खलाशी न ठेवता वीर केले. भारतीय मोहिमेच्या संदर्भात आता ‘गगनयात्री’ हा शब्द रूढ होत आहे, तरी मराठी वर्तमानपत्रांत वीरच चालतो. मराठवाड्यात या विषयाकडे पाहताना हा शब्द कामाचा ठरतो, कारण वीराला आकाशात नेऊन ठेवण्याची रीत इथल्या दगडांवर फार जुनी आहे.

इथल्या अनेक गावांत देवळाजवळ किंवा वेशीपाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शेंड्याला चंद्रसूर्य, अशी त्यांची ठरलेली रचना. चंद्रावरही एक वीरगळ आहे म्हटले तर ते फार ओढूनताणून होणार नाही. पॉल व्हान हॉयडॉंक या बेल्जियन कलावंताने केलेली साडेआठ सेंटिमीटर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची आकृती अपोलो-१५ या अमेरिकी चांद्रमोहिमेचा प्रमुख डेव्हिड स्कॉट याने ऑगस्ट १९७१ मध्ये चंद्राच्या धुळीत आडवी ठेवली. शेजारी मरण पावलेल्या १४ अमेरिकी व सोव्हिएत अंतराळवीरांची नावे असलेली पट्टी आहे. आकृतीला चेहरा नाही, राष्ट्र नाही, ती पुरुषाची की बाईची हेही कळत नाही. शिल्पकाराच्या मनात ती उभी होती. ती आडवी पडली आणि स्मारक झाली, यावरून नंतर बरेच वाजले.

चेहरा नसणे हे या साऱ्या चित्रपरंपरेचे मर्म आहे. अपोलो-११च्या वेळी, जुलै १९६९ मध्ये, नील आर्मस्ट्राँगने बझ ऑल्ड्रिनचे काढलेले छायाचित्र जगभर छापले गेले. त्यात दिसते ती सोन्याचा पातळ मुलामा दिलेली हेल्मेटची काच, आणि त्या काचेत यान, ध्वज, ऑल्ड्रिनची स्वतःची सावली आणि मध्ये एवढासा आर्मस्ट्राँग. कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याकडे असल्यामुळे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या माणसाची तिथली धड छायाचित्रे फार थोडी आहेत. लग्नाच्या अल्बमात फोटोग्राफर सापडत नाही, त्यातलाच हा प्रकार. कॅमेरा हासेलब्लाड कंपनीचा होता आणि तो छातीवर अडकवलेला असे. हेल्मेटमुळे डोळ्याला लावून नेम धरायची सोयच नव्हती. त्यामुळे या चित्रात ऑल्ड्रिनच्या डोक्यावर आकाश जवळजवळ उरलेच नव्हते. छापताना वर काळा पट्टा जोडला गेला, म्हणजे जगाने पाहिलेले ते काळेभोर आकाश काही अंशी नंतर लावलेले ठिगळ आहे.

ब्रूस मॅककँडलेस हा अमेरिकी अंतराळवीर ७ फेब्रुवारी १९८४ रोजी दोरीशिवाय यानापासून सुमारे १०० मीटर दूर गेला. त्याच्या त्या वेळच्या छायाचित्रातही चेहरा नाही. पुढे अंतराळवीरांनी स्वतःच स्वतःची छायाचित्रे काढली, तेव्हाही काचेत कॅमेराच दिसला. जपानच्या अकिहिको होशिदे याचे २०१२ मधले छायाचित्र प्रसिद्ध आहे. चेहरा पाहायचा तर हेल्मेट काढून वावरता येणारे स्थानकच हवे. राकेश शर्मा यांची १९८४ मधली सॅल्यूट-७वरची आणि शुभांशू शुक्ला यांची २०२५ मधली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरची छायाचित्रे भारतीयांना जवळची वाटली, त्यात या उघड्या चेहऱ्यांचा वाटा मोठा आहे.

स्वतः चित्रे काढणारे अंतराळवीर थोडे, पण आहेत. सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह हा १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडणारा पहिला माणूस. त्याच मोहिमेत त्याने रंगीत पेन्सिलींनी सूर्योदय रेखाटला. पेन्सिली तरंगून जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधल्या होत्या. चंद्रावर चाललेला चौथा माणूस अ‍ॅलन बीन निवृत्तीनंतर पूर्णवेळ चित्रकार झाला. तो चित्राच्या ओल्या थरावर चांद्रबुटाचा तळवा उमटवी आणि आपल्या पोशाखावरच्या, चंद्राची धूळ लागलेल्या बिल्ल्यांचे कण रंगात मिसळी.

समकालीन कलावंतांनी मात्र या वीराला खाली जमिनीवर आणले. क्रिस्टिना दे मिडेल या स्पॅनिश छायाचित्रकार बाईने २०१२ मध्ये झांबियातल्या १९६४ च्या एका हौशी अंतराळ कार्यक्रमावर आधारित छायाचित्रमालिका केली. त्यात पोशाख कापडाचे, नक्षीदार आहेत. यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताचा ‘निर्वासित अंतराळवीर’ छापील सुती कापड अंगावर घेऊन, संसाराच्या वस्तू जाळीत भरून पाठीवर टाकून चालतो. हे शिल्प बीडकडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याने पाहिलेल्या असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयावरच्या आजवरच्या कामांत हे सर्वांत टिकाऊ.

भारतात सर्वाधिक गाजले ते बंगळूरचे रस्त्यावरच्या कलेचे कलावंत बादल नंजुंदस्वामी यांचे काम. सप्टेंबर २०१९ मध्ये, चांद्रयान-२ चंद्रावर उतरायचे होते त्याच्या आदल्या दिवसांत, त्यांनी अंतराळवीराचा पोशाख चढवलेल्या एका अभिनेत्याला खड्डेमय रस्त्यावरून संथ चालवले. रात्रीची वेळ, खड्ड्यांच्या कडांवर पडलेल्या सावल्या. पाहणाऱ्याला चंद्रच वाटतो. तेवढ्यात चौकटीत रिक्षा शिरते. ही युक्ती एकदाच चालते, हा तिचा दोष. पण ज्या गावात पावसाळ्यानंतर रस्ता शोधावा लागतो, तिथे ती एकदाच पुरते.

मराठवाड्याची जमीन या विषयाला आयती आहे, आणि तेही केवळ उपमेपुरते नाही. वेरूळचे कैलास ज्या काळ्या दगडातून कोरले तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, आणि अपोलो-११ त्यांतल्याच एका मैदानावर उतरले. मराठवाड्याच्या सीमेला लागून, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, उल्का आदळून पडलेले आघातविवर बेसॉल्टमध्येच झालेले असल्याने शास्त्रज्ञ त्याची तुलना चांद्रविवरांशी करतात. आकाशातल्या देहाचे चित्रणही इथे जुनेच. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ढगांतून येणाऱ्या इंद्राचे उडणे त्याच्या मागे झुललेल्या मोत्यांच्या सरांवरून कळते. चंद्रावर वारा नाही, म्हणून तिथला ध्वज वरच्या कडेला आडवी काठी घालून ताठ धरावा लागला.

इथे ही आकृती कलादालनांपेक्षा शाळा आणि गणेशोत्सवातून अधिक रुजली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि महिन्याच्या आत गणपती बसले. त्या वर्षी थर्माकोलचा चंद्र अनेक देखाव्यांत होता. विज्ञान दिनाच्या (२८ फेब्रुवारी) चित्रांत अंतराळवीर यानाला दोरीने बांधलेला असतो, पण ती दोरी हमखास खुंटीला बांधलेल्या दाव्यासारखी लोंबते, कारण वजनरहित दोरी कुणी पाहिलेली नसते. आकाश काळ्या पोस्टर कलरने भरायचे आणि जुन्या टूथब्रशावर पांढरा रंग घेऊन अंगठ्याने शिंतोडे उडवायचे, की तारे झाले. थोडे वहीवर, थोडे बाकावर.

स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेचे तंत्रही ठरलेले आहे. पांढरा ट्रॅकसूट, कोपर-गुडघ्यांना रुपेरी कागदाच्या पट्ट्या, पाठीवर थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या आणि तिथून छातीपर्यंत वॉशिंग मशीनच्या पाइपाचा तुकडा. हेल्मेटसाठी पुठ्ठ्याचा खोका किंवा फुग्यावर थापलेला कागदाचा लगदा. खऱ्या पोशाखाशी फरक पडतो तो एका ठिकाणी. समोर काच बसवत नाहीत, मोठे भोक ठेवतात. कुणी हौसेने सोनेरी कागद लावलाच, तर फोटो काढताना तो वर करायला सांगतात. लेकरू फोटोत ओळखू आले पाहिजे ना.