बॅमचं अप्रूव्हल? कुठलं, आकड्याचं की किरणांचं?

हवेतली धूळ मोजणाऱ्या बीटा मशीनबद्दल, म्हणजे बॅमबद्दल, कोणी विचारलं की "अप्रूव्हल आहे ना?", तर मी उलटं विचारतो, कुठलं? कारण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि लोक सर्रास एकात एक घालतात.

पहिलं आकड्याचं. अमेरिकेत ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था, बघते की मशीनचा आकडा फिल्टर वजन करून येणाऱ्या आकड्याशी जुळतो का, जुळला की त्या मॉडेलला मान्यतेचा नंबर मिळतो. बॅम-1020 या मॉडेलला पीएम10 साठी, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या धुळीसाठी, 1998 ला मिळाला, पीएम2.5 साठी, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीसाठी, थेट 2008 ला. आपल्याकडे हवेच्या 2009 च्या मानकांत बीटा पद्धत चालते असं लिहिलेलंच आहे. पण गोम अशी की तो नंबर नुसत्या मॉडेलला नसतो, सेटिंगसकट असतो. पीएम2.5 ला वर हवा आत घेणारं पीएम10 चं हेड, खाली मोठे कण बाजूला काढणारा ठराविक सायक्लोन, मिनिटाला 16.67 लिटर हवा, हीटर 35 टक्के आर्द्रतेला. कोणी स्वस्तातला सायक्लोन बसवला की मशीन तेच, स्क्रीनवर आकडाही येतो, मान्यता मात्र गेली.

दुसरं किरणांचं. आत कार्बन-14 चा छोटासा किरणोत्सर्गी सोर्स असतो, 60 मायक्रोक्युरीच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आसपास, त्याचे बीटा कण फिल्टरच्या टेपवर जमलेल्या धुळीतून जाताना कमी होतात आणि त्यावरून वजन निघतं. अमेरिकेत 100 मायक्रोक्युरीपर्यंतच्या कार्बन-14 ला लायसन्समधून सूट आहे, आपल्याकडे हा प्रांत एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा. इथे आकडा बरोबर की चूक याच्याशी कोणालाच देणंघेणं नाही.

सर्व्हिसिंगला दोन्ही समोरासमोर येतात. टेपवरच्या प्रत्येक ठिपक्याला त्याच जागी बारीक भोक दिसलं तर समजा नोझलखाली कचरा चिकटलाय. मग नोझल वर करा, कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून नोझल आणि खालची जाळी पुसा, नंतर लीक चेक, हवा आत यायची वाट बंद केल्यावर फ्लो मिनिटाला 1 लिटरच्या खाली यायला हवा. ही आकड्याची कामं, बिनधास्त करा. सोर्सकडे मात्र ना काडी न्यायची ना स्क्रूड्रायव्हर. हे बीटा कण एवढे कमजोर की कातडीच्या आत फारसे जात नाहीत, त्यामुळे मशीनशेजारी बसून डबा खाल्लात तरी काही होत नाही, पण सोर्सवरचं पातळ आवरण फाटलं आणि ते हाताला लागून तोंडात गेलं की मग कसली सूट.

आणि मशीन मेलं की भंगारवाल्याला देऊ नका. 2010 ला दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-60 निघालं होतं, ते याच्यापेक्षा कैक पटीने भयंकर, मान्य, पण वाट तीच. कार्बन-14 निम्मा व्हायला 5730 वर्षं लागतात, तेव्हा विकत घेतानाच सप्लायरकडून लिहून घ्या की सोर्स परत कोण नेणार.