घट्टाला पातळाची जोड

भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तर धुळ्यात जानेवारीच्या पहाटे तो १० च्या खाली येतो. दोन्हीकडे इलेक्ट्रिक स्कूटर धावतात. त्यांच्या लिथियम बॅटरीतला महत्त्वाचा द्रावक, म्हणजे क्षार विरघळवणारा पदार्थ, इथिलीन कार्बोनेट, वितळतो ३६ अंशांना. नुसता तोच भरला असता तर हिवाळाभर आत गोठलेलं तूप!

म्हणूनच सुरुवातीला त्याला कोणी विचारत नव्हतं. बर्कलीत विल्यम हॅरिस यांनी १९५८ च्या प्रबंधात या जातीचे द्रावक तपासले, आणि पुढची तीसेक वर्षं भाव मिळाला त्याच्या भावंडाला, प्रॉपिलीन कार्बोनेटला. ते उणे ४९ अंशांपर्यंत द्रव राहतं. पण बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेल्या ग्रॅफाइटच्या थरांत ते लिथियमसोबत घुसतं आणि थरांचे पापुद्रे काढतं. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती ग्रॅफाइटऐवजी कोक हा वेगळा कार्बन वापरून. इथिलीन कार्बोनेट ग्रॅफाइटवर संरक्षक आवरण धरतं, हे संशोधक जेफ डान आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं. दोन रेणूंत फरक एका मिथाइल गटाचा, आणि त्यात तीन दशकं गेली.

मग प्रश्न उरला तूप पातळ करण्याचा. इथर नावाचे पातळ द्रावक चालेनात, ४ व्होल्टच्या धन टोकाशी ते टिकत नाहीत. १९९३-९४ च्या सुमारास तारास्कों आणि ग्योमार या संशोधकांनी डायमिथाइल कार्बोनेटची जोड दिली.

जोडी मोठी विजोड आहे. इथिलीन कार्बोनेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांमधली ओढ कमी करण्याच्या क्षमतेचं माप, ९० च्या आसपास, म्हणून क्षाराचे आयन (विद्युतभारित कण) एकमेकांपासून सुटतात. पण ते दाट, आयनांची चाल मंदावते. डायमिथाइल कार्बोनेटचा स्थिरांक जेमतेम ३, पण ते पातळ. तेच जास्त ओतलं तर वाट मोकळी होते, पण धन आणि ऋण आयन पुन्हा जोड्या लावून बसतात, आणि अशी जोडी वीज वाहत नाही. त्यातून लिथियम एकटा निघत नाही. द्रावकाच्या चारेक रेणूंचा लवाजमा घेऊन चालतो. म्हणून एकूण प्रवाहातला त्याचा वाटा साधारण तिसरा हिस्साच.

डायमिथाइल कार्बोनेट स्वतःही ५ अंशांच्या आतबाहेर गोठतं, म्हणून पुढे उणे ५० च्याही खाली द्रव राहणारं इथाइल मिथाइल कार्बोनेट मिसळू लागले. धुळ्याच्या थंडीला एवढं पुष्कळ झालं. भुसावळच्या उन्हावर मात्र द्रावक बदलून भागत नाही. बॅटरी फार तापली की त्यात विरघळवलेला लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षारच विघटू लागतो.